दाद कुठे मागायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्हा कवी मंडळींचा ‘दाद’ या शब्दाशी रोजचा संबंध. मैफलीत ओळ म्हटली की समोरून दाद यावी, एवढीच आमची अपेक्षा असते. पण हा शब्द मुळात फारसी आहे आणि तिथे दाद म्हणजे न्याय. मराठीने दोन्ही अर्थ सांभाळले. आपण कवितेला दाद देतो आणि कोर्टात दाद मागतो.

हे आठवायचं कारण एक जाहिरात. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२२ साली आभासी नाण्यांच्या, म्हणजे क्रिप्टोच्या, जाहिरातींसाठी नियम केले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. जाहिरातीच्या शेवटी एक इशारा सक्तीचा झाला. त्याचा मतलब असा, की ही उत्पादनं कोणत्याही नियामकाच्या ताब्यात नाहीत, ती फार जोखमीची असू शकतात आणि अशा व्यवहारात नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मागायची सोय कदाचित नसेल. रेडिओवरच्या जाहिरातीत हा इशारा घाईघाईने उरकायचा नाही, नेहमीच्या बोलण्याच्या चालीत म्हणायचा, असंही त्यात आहे. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतली शेवटची ओळ कल्याणहून सुटलेल्या फास्ट लोकलसारखी कानावरून जाते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं.

आता प्रश्न असा की ही ओळ खरी किती? एखाद्या दुकानाने पाटी लावली, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, तर कायदा संपत नाही. ग्राहक पंचायतीने पन्नास वर्षं हेच शिकवलं. ग्राहकतीर्थ बिंदुमाधव जोशींनी पुण्यात काम सुरू केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, १९८६ मध्ये देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि तो बदलून २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. हे सगळं साबण, फ्रीज, बिल्डर आणि विमा कंपनी यांच्यासाठी चाललं. पण दुकान मुंबईत, मालक सिंगापुरात, करार इंग्रजीत आणि माल कुठे आहे हे कुणाला सांगता येत नाही, अशा व्यवहारात ग्राहकाने जायचं कुठे? आजचं बोलणं एवढ्यापुरतंच आहे. नाणी घ्यावीत की घेऊ नयेत, हा सल्ला द्यायला मी बसलेलो नाही.

भिवंडीसारख्या गावात हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया येते, हे श्रीमंतांचे खेळ. तसं नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा मेहता, मानकोली-काल्हेरच्या गोदामात स्कॅनर घेऊन उभा असलेला मुलगा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, यांच्या मोबाइलमध्ये ही ॲप असतात. शंभर रुपयांपासून खरेदी करता येते. सोनं घ्यायला तोळ्याचा विचार करावा लागतो, इथे नाण्याचा दहा-हजारावा तुकडाही मिळतो. आणि दिवसभर माग चालवून हातात काय येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला झोपेत वाढणाऱ्या पैशाचं आकर्षण वाटणारच. त्यात त्याला हसण्यासारखं मला काही दिसत नाही.

एक फरक मात्र आधी करून घेऊ. फसवणूक वेगळी आणि सेवेतली कसूर वेगळी. ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना आपल्याकडे गाजली. दरमहा दहा टक्के परतावा, तोही अठरा महिने, असं आमिष होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये तिच्या प्रवर्तकाला, अमित भारद्वाजला, अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. त्याच साली त्या तपासात मदतीला घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच नाणी वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी पकडलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे दिले. हा मामला पोलिसांचा. अशा वेळी १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करायचा, ग्राहक आयोगाची वाट बघायची नाही.

मला बोलायचं आहे ते उघडपणे दुकान थाटून बसलेल्या, कर कापून घेणाऱ्या, पॅन आणि आधार मागणाऱ्या बाजारपेढ्यांबद्दल. इंग्रजीत त्यांना एक्सचेंज म्हणतात. आपण पेढी म्हणू. तुम्ही रुपये भरता, पेढी तुमच्या नावे नाणी दाखवते आणि प्रत्येक सौद्यावर आपलं शुल्क घेते. खरी नाणी तुमच्या मोबाइलमध्ये नसतात. ती हलवण्याची गुप्त किल्ली पेढीकडे किंवा पेढीने नेमलेल्या रखवालदाराकडे असते. तुमच्याकडे असते ती खातेवहीतली एक नोंद.

वझीरएक्स ही अशीच एक पेढी. २०१८ च्या मार्चमध्ये निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे आणि सिद्धार्थ मेनन यांनी ती मुंबईत सुरू केली. भारतातली कंपनी झनमाई लॅब्स. नोव्हेंबर २०१९ मध्ये जगातली बडी पेढी बायनान्स हिने वझीरएक्स विकत घेतल्याचं जाहीर केलं आणि गिऱ्हाइकांना बरं वाटलं, की मागे मोठा माणूस आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने झनमाईच्या बँक खात्यांतले ६४.६७ कोटी रुपये गोठवले. त्यासरशी बायनान्सच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं, आमच्याकडे या कंपनीची मालकीच नाही, तो व्यवहार पुराच झाला नव्हता. वझीरएक्सवाले म्हणाले, झाला होता. समाजमाध्यमावर दोघांची जुंपली. लाखो लोक बघत राहिले. आपण नेमके कुणाचे गिऱ्हाईक आहोत, हे त्यांना त्या दिवशीही कळलं नाही.

मग १८ जुलै २०२४ उजाडला. पेढीच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलरची नाणी चोरीला गेली. हे पाकीट एका सहीने उघडणारं नव्हतं. सहा सह्याधारक, पाच पेढीचे आणि एक रखवालदार कंपनीचा. पेढीच्या तिघांनी आणि रखवालदाराने सही केल्यावरच व्यवहार पुढे जायचा. तरीही गेला. पडद्यावर दिसत होतं एक आणि सही होत होती भलत्याच कागदावर, असा तो प्रकार. एकूण मालमत्तेच्या सुमारे ४५ टक्के रक्कम एका दुपारी नाहीशी झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून या चोरीचं खापर उत्तर कोरियाच्या हॅकरांवर फोडलं. म्हणजे प्याँगयांगपर्यंत धागा पोचला. भिवंडीच्या मेहत्याने फिर्याद कुणावर करायची, ते मात्र तसंच राहिलं.

चोरीनंतर काही दिवसांतच पेढीने एक प्रस्ताव पुढे केला. नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं, ५५ टक्के मोकळे आणि ४५ टक्के अडकलेले. ज्याची नाणी चोरीच्या पाकिटात नव्हती, त्यानेही. ओरड झाल्यावर प्रस्ताव मागे पडला, पण त्यातला विचार मागे पडला नाही. तो सिंगापूरला गेला.

कारण तोवर एक तिसरं नाव पुढे आलं होतं, झेट्टाई, सिंगापूरची कंपनी. नाण्यांची बाजू तिच्याकडे, रुपयांची बाजू झनमाईकडे, अशी मांडणी होती. झेट्टाईने सिंगापूरच्या उच्च न्यायालयात घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते चार महिन्यांसाठी मिळालं. मग योजना, मग घेणेकऱ्यांचं ऑनलाइन मतदान, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त होकार, मग जून २०२५ मध्ये न्यायालयाचा नकार, दुरुस्त योजना, पुन्हा मतदान आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी. २४ ऑक्टोबरला पेढी पुन्हा उघडली. दावे १८ जुलै २०२४ च्या भावाने मोजले गेले, मोठा हिस्सा परत आणि राहिलेल्यासाठी पुढे मिळकत होईल तसं फेडण्याचं वचन देणारे टोकन.

या सगळ्याला वाईट म्हणावं असं मी म्हणणार नाही. निदान एका न्यायालयाने हिशेब मांडायला लावला. पण बघा, घेणेकरी बहुतेक भारतीय, पैसे भारतीय बँकांतून गेलेले, जाहिराती भारतात झालेल्या आणि निवाडा त्या शहरात, जिथे आपल्या माणसाने कधी पाऊलही ठेवलं नाही. मतदान करा, असं त्याला सांगितलं गेलं. योजना मान्य नसेल तर पुढे दिवाळखोरीची लांबलचक वाट. अशा वेळी होकार हे मत असतं की हतबलता, हे ज्याचं त्याने ठरवावं.

इकडे ५४ जण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने याचिका ऐकायला नकार दिला. हा धोरणाचा विषय आहे, योग्य त्या यंत्रणेकडे जा, असं सांगितलं. योग्य यंत्रणा कोणती? रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. वित्त मंत्रालयाने २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि सौद्यावर एक टक्का कपात लावली. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करायचा नाही, अगदी दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही नाही. मार्च २०२३ मध्ये या पेढ्यांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणलं, डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी पेढ्यांना नोटिसा गेल्या आणि त्यांचे पत्ते इंटरनेटवर बंद करायला सांगितलं. बायनान्सला २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला आणि ती नोंदणी करून परत आली. म्हणजे परदेशी पेढीपर्यंत सरकारचा हात पोचत नाही, हे खरं नाही. कर घ्यायला पोचतो, दंड घ्यायला पोचतो. दंडाची रक्कम तिजोरीत जाते, गिऱ्हाइकाच्या खात्यात नाही, एवढंच.

आता ग्राहक कायद्याकडे वळतो. मी वकील नाही, बी.ए. झालेला माणूस. पण कायदा मराठीत मिळतो आणि वाचता येतो. या कायद्यात चार गोष्टी अशा आहेत की सीमेपलीकडच्या धंद्याला त्या बरोबर लागू पडाव्यात.

तक्रार आपण राहतो त्या ठिकाणी करता येते. जुन्या कायद्यात कंपनी जिथे असेल किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं असेल तिथे धाव घ्यावी लागायची. २०१९ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने ग्राहकाचा पत्ता पुरेसा मानला. भिवंडीकराला ठाण्याचा जिल्हा आयोग पुरे. दुसरं, ई-कॉमर्सचे २०२० चे नियम. भारतात स्थापन न झालेली पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा देऊ करणारी संस्थाही त्यांच्या कक्षेत येते, असं स्पष्ट लिहिलं आहे. तिसरं, करारात ‘वाद झाल्यास सिंगापुरात लवाद’ असं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात हा मुद्दा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ग्राहकाच्या बाजूने पक्का झाला. तो वाद घराच्या खरेदीचा होता, पण तत्त्व तेच. चौथं, एकतर्फी अन्यायकारक करार रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. नियम कधीही बदलू, नुकसान तुमचं, जबाबदारी आमची नाही, अशी कलमं लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

इतकं सगळं असूनही माणूस उंबरठ्यावर अडतो. कारण त्याला आधी विचारलं जातं, तू ग्राहक आहेस का?

कायदा म्हणतो, ‘व्यापारी हेतूने’ माल किंवा सेवा घेणारा ग्राहक नाही. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर मात्र आहे. आमच्या गावाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असाच दाखला दिला होता, की रिक्षा किंवा लेथ मशीन स्वतः चालवायला घेतली तर तो ग्राहक, दुसऱ्याकडून चालवून घ्यायला घेतली तर नाही. दोन माग स्वतः चालवणारा आणि दोनशे मागांचा शेठ यांत कायद्याने रेघ मारली. ठीक आहे. पण नाण्यांच्या गिऱ्हाइकाला कुठल्या बाजूला बसवायचं? तो माग चालवत नाही आणि शेठही नाही. त्याने पाच हजार रुपये ठेवले, वाढतील या आशेने.

पेढीचा वकील म्हणेल, नफ्यासाठी घेतलं ना, मग व्यापारी हेतू. आणि त्याच्या हातात कागद आहेत. शेअर बाजाराच्या संदर्भात आपल्या आयोगांनी पुष्कळदा असंच म्हटलं. २०२२ मध्ये श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका शेअर दलालाला ग्राहक मानायला नकार दिला. पण तिथे माणूस धंद्याने दलाल होता आणि धंदा वाढवायला बँकेची सवलत वापरत होता. आपल्या मेहत्याचा धंदा हिशेब लिहिण्याचा आहे. दुसऱ्या बाजूचा निकाल आपल्या मुंबईतलाच आहे. लीलावती हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टने परिचारिकांना राहायला सदनिका घेतल्या, इमारत मोडकळीला आली, बिल्डर म्हणाला, तुम्ही इस्पितळवाले, तुम्ही कसले ग्राहक? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, व्यवहाराचा मुख्य हेतू बघा, नफा कमावण्याच्या उद्योगाशी त्याचा जवळचा संबंध आहे का ते तपासा. नुसतं नाव बघून ठरवू नका.

माझ्या मते खरी वाट इथून जाते. मेहत्याची तक्रार भाव पडल्याची नाहीच. भाव पडला तर तो नशिबाला बोल लावेल. त्याची तक्रार आहे, की मी शुल्क देऊन सांभाळायला दिलेली वस्तू तुम्ही सांभाळली नाहीत. बँकेच्या लॉकरमधले दागिने गेले तर दागिने हौसेचे होते की गुंतवणुकीचे, असं कुणी विचारत नाही. सांभाळण्याची सेवा विकत घेतली होती, त्यात कसूर झाली. वाद एवढाच आहे आणि तो ग्राहकाचा वाद आहे.

युरोपात ही गाठ केव्हाच सुटली. चेक देशातली एक विद्यार्थिनी सायप्रसमधल्या फिबो ग्रुप या कंपनीच्या ऑनलाइन मंचावरून परकीय चलनाचे सौदे करत होती. सौदा वेळेवर टाकला नाही म्हणून तिने आपल्या गावच्या कोर्टात दावा लावला. करारात सायप्रसचं कोर्ट लिहिलेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की रक्कम किती, जोखीम किती, तिला बाजाराचं ज्ञान किती, हे बघायचं कारण नाही. तिचा व्यवसाय तो नाही, म्हणून ती ग्राहक आणि तिच्या घराजवळचं कोर्टच तिचं कोर्ट. इंग्लंडमध्ये क्रॅकेन या पेढीने कॅलिफोर्नियात लवादाचा निवाडा आपल्या बाजूने मिळवला, तो इंग्लंडमध्ये बजावायला आणला, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी नाकारला, कारण त्यातून इंग्लंडच्या ग्राहकाचं आपल्या देशातलं संरक्षण बुडत होतं. आमच्याकडे विचारलं जातं, नफ्यासाठी घेतलं का? तिकडे विचारतात, तुझा हा व्यवसाय आहे का? प्रश्न बदलला की माणूस उंबरठ्याच्या आत येतो.

ग्राहक आयोगाचा आदेश मिळाला तरी वसुली कशी, हा पुढचा प्रश्न. आदेश न पाळणाऱ्याला ७२ व्या कलमाखाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा धाक भारतात असलेल्या कंपनीला आणि तिच्या संचालकांना. सिंगापुरातल्या कागदी पत्त्याला त्याने काय होणार? म्हणून तक्रारीत भारतीय कंपनी पहिल्या नंबरवर हवी.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याच्यासाठी मला हे भाषण करावंसं वाटलं. अनामत. वाचनालयाची अनामत, निवडणुकीतली अनामत, भाड्याच्या घराची अनामत. हा शब्द मूळ अरबी ‘अमानत’. मराठीच्या जिभेवर ‘म’ आणि ‘न’ यांनी जागा बदलल्या. आमच्या घरांत लहानपणापासून ऐकलेलं असतं की अमानतीत खयानत करायची नाही, म्हणजे सांभाळायला दिलेल्या वस्तूला आपली समजायचं नाही. हे धर्माच्या पुस्तकातलं झालं. पण भिवंडीच्या बाजारातही तेच चालतं. सुताचा व्यापारी मागवाल्याला सूत देतो, ते दोन तऱ्हांनी. उधारीवर विकतो, तेव्हा सूत मागवाल्याचं झालं आणि व्यापारी नुसता येणेकरी. मागवाला बुडाला तर व्यापाऱ्याने सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं. किंवा मजुरीवर, ज्याला आता ‘जॉब’ म्हणतात, तसं देतो. तेव्हा सूत व्यापाऱ्याचंच राहतं, मागवाल्याने विणून कापड द्यायचं आणि मजुरी घ्यायची. मागवाला बुडाला तरी ते सूत त्याच्या देण्यात जमा होत नाही. उद्या कारखान्याला आग लागली आणि एका पार्टीचं सूत जळालं, तर मागवाला दुसऱ्या पार्टीकडे जाऊन म्हणेल का, की तुमच्या सुतातलं ४५ टक्के मी यांना देतो? म्हटलं तर बाजारात उभा राहील का? १८७२ चा करार कायदाही हेच सांगतो. सांभाळायला घेतलेल्या मालाची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेतो तितकी तरी घ्यावी.

तर पेढीतली नाणी कुठल्या तऱ्हेची? उधारीची की मजुरीवरची? २५ ऑक्टोबर २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने या प्रश्नाला हात घातला. चेन्नईच्या एका गिऱ्हाइकाने वझीरएक्सवर सुमारे दोन लाख रुपयांची एक्सआरपी नावाची नाणी घेतली होती. चोरी झाली ती दुसऱ्या जातीच्या नाण्यांची. तरी खातं गोठलं. झनमाईचं म्हणणं, करार सिंगापूरच्या लवादाचा, योजना सिंगापूरच्या कोर्टाची, नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ते मानलं नाही. पैसे चेन्नईतल्या बँक खात्यातून गेले, व्यवहार भारतात झाला, म्हणून इथल्या कोर्टाला अधिकार आहे, असं त्यांनी म्हटलं. आणि ही नाणी म्हणजे मालमत्ता आहे, तिचा ताबा असू शकतो आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळली जाऊ शकते. त्या गिऱ्हाइकाची नाणी इतरांत वाटायची नाहीत आणि लवाद होईपर्यंत बँक हमी द्यायची, असा आदेश झाला. कोर्टाने इंग्रजी शब्द वापरला, मला त्यात अनामत ऐकू आली.

हा आदेश अंतरिम आहे, एका खात्यापुरता आहे आणि तो ग्राहक कायद्याखाली नाही, लवादाच्या कायद्याखाली मिळाला. पण आयोगापुढे उभ्या राहणाऱ्याला तो दाखवता येईल.

कायदा आधीच नीट असला तर काय होतं, याचं उदाहरण जपानचं. टोकियोची माउंट गॉक्स पेढी २०१४ मध्ये बुडाली. जपानने त्यातून धडा घेऊन एप्रिल २०१७ पासून पेढ्यांना नोंदणी आणि गिऱ्हाइकांची मालमत्ता वेगळी ठेवण्याची सक्ती केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बहामाहून चालणारी एफटीएक्स कोसळली, जगभरचे लोक रांगेत लागले. तिच्या जपानी शाखेच्या गिऱ्हाइकांना फेब्रुवारी २०२३ मध्ये पैसे काढता यायला लागले. पेढी तीच होती, वेगळ्या ठेवलेल्या पेटीने त्यांना वाचवलं. युरोपीय संघाचा नवा कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू झाला. सांभाळणाऱ्याच्या दोषाने नाणी गेली तर त्या वेळच्या बाजारभावाइतकी भरपाई त्याने द्यायची, असं त्यात आहे. आपल्याकडे असं एकच वाक्य कायद्यात आलं, तरी मेहत्याचा निम्मा वाद मिटेल. तीस टक्के कर लावायला जो शब्द कायद्यात शोधून काढला, ‘आभासी डिजिटल मालमत्ता’, तोच शब्द ग्राहक कायद्यात आणायला काय हरकत आहे, मला कळत नाही. कर घेताना ती मालमत्ता आणि दाद मागताना तो खेळ, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येणार नाही.

आपल्या जुन्या हुंडीत हा विचार होता. शाहजोग हुंडीचे पैसे कुणाही आलेल्या माणसाला द्यायचे नाहीत, बाजारात पत असलेल्या शहालाच द्यायचे. पुढे गफलत निघाली तर धरायला माणूस हवा म्हणून. जोखमी हुंडीत तर जहाज बुडालं तर पैसे कुणी सोसायचे हे आधीच ठरलेलं असे. मांडवीच्या पेढीवरल्या मुनिमाला जे सुचलं, ते ॲप बनवणाऱ्याला सुचू नये असं थोडंच आहे? सुचतं. फक्त तो ते छापतो सदतिसाव्या पानावर.

म्हणून ज्यांचे पैसे आज अशा पेढीत आहेत, त्यांनी तीन प्रश्न ईमेलने विचारावेत. माझा करार कुठल्या कंपनीशी आहे आणि तिचा भारतातला पत्ता काय? वाद झाला तर कुठल्या गावच्या कोर्टात किंवा लवादात? आणि नाणी माझी अनामत म्हणून वेगळी ठेवली आहेत, की कंपनीच्या मालमत्तेत मिसळली आहेत? ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं असतं. पोच, खात्याचा त्या दिवसाचा फोटो, बँकेचा उतारा, सगळं छापून फायलीत ठेवावं. ॲप उद्या उघडेलच असं नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. आयोगाकडे तक्रार घरबसल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, पेढीने शेवटचं गोड पत्र पाठवल्यापासून नाही. मुदत टळली असेल तर उशिराचं कारण लेखी द्यावं लागतं आणि ते पटलं तर आयोग तक्रार दाखल करून घेऊ शकतो.